मोठा झालेला फास्टर फेणे

मुलांच्या नायकाला प्रौढांच्या जगात न्यावे का, हा प्रश्न 2017 साली दोन ठिकाणी उभा राहिला. 1966पासून अमेरिकेत सहकुटुंब पाहिल्या गेलेल्या ‘स्टार ट्रेक’वर क्वेंटिन टॅरंटिनो ‘आर’ प्रमाणपत्राचा, म्हणजे सतरा वर्षांखालील मुलांना पालकांविना प्रवेश नसलेला, चित्रपट करणार अशी बातमी त्या डिसेंबरात आली. पुढे तो झालाच नाही. पण त्याआधीच, ऑक्टोबरात, आदित्य सरपोतदार यांच्या ‘फास्टर फेणे’मधून भा. रा. भागवतांचा बनेश फेणे पडद्यावर आला होता. तो सायकलवरचा शाळकरी पोरगा राहिला नव्हता. अमेय वाघने रंगवलेला तरुण झाला होता.

पुस्तकांवर वाढलेल्या अनेकांना हा बदल खटकला. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर सुमीत राघवनचा फेणे पाहिलेल्यांचीही तक्रार तीच: आमचे बालपण आमच्यापासून का हिरावता?

या तक्रारीचा इतिहास मात्र जुना आहे, आणि तो भागवतांच्याच एका आवडत्या लेखकापाशी पोहोचतो. भागवतांनी ‘चंद्रावर स्वारी’सारख्या पुस्तकांतून ज्यूल व्हर्न मराठी मुलांना दिला. व्हर्नचे प्रकाशक एट्झेल कुटुंबासाठी शिक्षण व रंजन करणारे नियतकालिक चालवीत आणि त्या चौकटीची राखण कटाक्षाने करीत. यंत्रांच्या भरभराटीत उपाशी मरणाऱ्या कवीची व्हर्नची कादंबरी, ‘विसाव्या शतकातील पॅरिस’, त्यांनी 1863च्या सुमारास नाकारली. ती छापली गेली थेट 1994 मध्ये. कॅप्टन निमो हा रशियाचा सूड घेणारा पोलिश असावा, हा व्हर्नचा मूळ विचारही रशियातील वाचक दुखावतील म्हणून मागे पडला. परंतु निमोचा संताप काही पुसला गेला नाही. 1875च्या ‘गूढ बेटा’त तो बुंदेलखंडाचा राजपुत्र, 1857च्या उठावात सर्वस्व गमावलेला, म्हणून प्रकट झाला. थोडक्यात, बालवाङ्मयाच्या कपाटात ठेवलेल्या विज्ञानकथेच्या पोटात प्रौढांचे दुःख पहिल्यापासून होते.

भागवतांचा फेणेही निव्वळ गोडगुलाबी जगात वावरला नाही. ‘फास्टर फेणेचा रणरंग’ हे शीर्षकच पुरेसे बोलके आहे. भागवतांनी मुलांपासून संकट लपवले नाही. जपला तो एक विश्वास, की फुरसुंगीच्या किडकिडीत पोराची हुशारी आणि हिंमत जगात काही बदल घडवू शकते. तेव्हा नायकाचे वय बदलले की नाही, यापेक्षा तो विश्वास टिकला की नाही, ही कसोटी अधिक न्याय्य ठरते.

चित्रपटातील बनेश वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्याला येतो. तिथे भेटलेला मुलगा मरतो, त्या मृत्यूला आत्महत्या म्हटले जाते, आणि बनेश ते मानत नाही. दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने खुद्द भागवतच त्याच्या पाठीशी आहेत. धाराशिवच्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. आमच्याकडची कितीतरी मुले बारावीसाठी लातूरला जातात, आणि 2024च्या ‘नीट’ पेपरफुटीचा तपास त्याच लातूरपर्यंत पोहोचला. ज्याला आपण प्रौढांचा विषय म्हणतो, तो आमच्या सतरा वर्षांच्या मुलांच्या गळ्याशी आला आहे.

इथे प्रमाणपत्राचा प्रश्न निव्वळ तांत्रिक राहत नाही. 1952च्या कायद्यानुसारचे आपले ‘ए’ अमेरिकेतील ‘आर’हून कडक आहे, पालक सोबत असले तरी अठराखालच्यांना आत जाता येत नाही. 1983 मध्ये ‘यूए’ हा मधला वर्ग आला आणि 2023च्या दुरुस्तीने त्यात सात, तेरा व सोळा वर्षांचे टप्पे पडले. समजा, उद्या कोणी फेणेची गोष्ट रक्तपात आणि शिव्यांनी भरून ‘ए’ प्रमाणपत्रासह आणली, तर ज्या मुलाची ती गोष्ट आहे तोच दाराबाहेर उभा राहील.

म्हणून आमचे मत असे: फेणे खुशाल मोठा व्हावा, त्याच्या कथेत मृत्यू आणि भ्रष्टाचारही यावा. मात्र त्याने आपल्यामागचे दार लावून घेऊ नये. आपण चाळिशीत आलो, हे बारा वर्षांच्या वाचकाला बाहेर ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही.