तार, बिनतार आणि मधला सांधा



चंद्रपूर जिल्ह्याच्या भद्रावती तालुक्यांत माजरी नांवाचें गांव आहे. बाहेरचें जग या गांवाला दोन गोष्टींवरून ओळखतें. एक तेथील कोळसा व दुसरी तेथील रेल्वे जंक्शन. दिल्लीहून चेन्नईकडे जाणारा मोठा लोहमार्ग माजरीवरून जातो, आणि वणी-आदिलाबादकडे जाणारा फाटा तेथूनच फुटतो. अशा ठिकाणीं गाडी कोणत्या मार्गानें जावयाची हें इंजिन ठरवीत नाहीं. रुळांचा सांधा तें ठरवितो. एके काळीं सांधेवाला हातानें दांडा ओढून सांधा बदलीत असे. पुढें तारांनीं, खटक्यांनीं आणि विजेनें तें काम त्याच्या हातून काढून घेतलें.

असाच एक सांधा आतां आपल्या घरोघरच्या लॅपटॉपमध्यें येऊन बसला आहे. लॅपटॉपला जगाशीं जोडणारे मार्ग दोन. एक तारेचा, म्हणजे भिंतीजवळच्या पेटींतून निघून यंत्राच्या कुशींत खोंचलेल्या केबलचा. आणि दुसरा बिनतारेचा, ज्याला आपण वाय-फाय म्हणतों. केबल खोंचली कीं यंत्र आपण होऊन तारेवर जातें. केबल काढली कीं हवेंतील लहरींवर येतें. ही गोष्ट क्षुल्लक दिसते खरी. परंतु तारेनें जावें कीं बिनतारेनें, आणि तें कोणी ठरवावें, हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. त्यापायीं साम्राज्यांनीं परिषदा भरविल्या आहेत, आणि त्याचें उत्तर चुकल्यानें युद्धाचें पारडें फिरण्यास हातभार लागला आहे.

हिंदुस्थानांत तारायंत्राचा पाया घातला तो विल्यम ओशॉनेसी या कलकत्त्याच्या डॉक्टरानें. १८३९ सालीं त्यानें तेथें तारेचे प्रयोग केले. १८५१ मध्यें कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार सरकारी कामास लागली. १८५४ सालीं ती आग्र्यापर्यंत पोंचली, आणि १८५५ पासून सर्वसाधारण लोकांनाही पैसे भरून संदेश धाडतां येऊं लागला. ११ मे १८५७ रोजीं दिल्लीच्या तारघरांतून अंबाल्यास गेलेल्या उठावाच्या वार्तेनें या तारेचें महत्त्व राज्यकर्त्यांस कायमचें पटलें.

महत्त्व राज्यकर्त्यांस पटलें, तसें तें त्यांच्या विरोधकांसही पटलें. आमच्या या अरण्यप्रदेशांतच त्याचा दाखला आहे. १८५८ सालीं मोलमपल्लीचे तरुण गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके यांनीं इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचललें. त्या वेळीं हा सारा मुलूख चांदा जिल्ह्यांत मोडत असे. गडचिरोली हा वेगळा जिल्हा १९८२ सालीं झाला. २९ एप्रिल १८५८ रोजीं प्राणहितेच्या कांठीं चिंचगुंडी येथें तारखात्याच्या नोकरांची छावणी होती, तिच्यावर उठावकऱ्यांनीं हल्ला केला. गार्टलंड व हॉल हे दोघे मारले गेले. पीटर नांवाचा तिसरा निसटला आणि त्यानें ही वार्ता चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रायटन याच्यापर्यंत पोंचविली. बाबूरावांना पुढें त्याच वर्षीं २१ ऑक्टोबर रोजीं चांदा येथें फांशी देण्यांत आलें.

या प्रसंगाकडे आपण सामान्यतः शौर्याची व बलिदानाची कथा म्हणून पाहतों, आणि तें योग्यच आहे. परंतु त्यांत आजच्या विषयाचें बीजही आहे. जे तारेची माणसें म्हणून आले होते, त्यांच्यावरील संकटाची वार्ता तारेनें गेली नाहीं. ती जीव वांचवून पळालेल्या माणसानें नेली. तारेचा दोष असा कीं ती एका रेषेंत धांवते. ती रेषा एके ठिकाणीं तुटली कीं तिची सारी लांबी फुकट जाते. दुसरा मार्ग जवळ नसेल तर उरतात ते माणसाचे पाय.

हा दुसरा मार्ग एकोणिसावें शतक संपतां संपतां सांपडला. १८९५ च्या सुमारास कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनीं विद्युल्लहरी भिंतींपलीकडे धाडून दाखविल्या. मार्कोनीनें १८९६ सालीं इंग्लंडांत आपल्या पद्धतीसाठीं पेटंटचा अर्ज केला, आणि डिसेंबर १९०१ मध्यें अटलांटिक महासागरापलीकडे संकेत ऐकविला. समुद्रांतील जहाजाला तार लावतां येत नाहीं. म्हणून बिनतारेचा पहिला मोठा उपयोग दर्यावर्दी लोकांस झाला.

बिनतार आली म्हणजे तार निरुपयोगी झाली, असें अनेकांस वाटलें. तसें झालें नाहीं, आणि कां झालें नाहीं हें १९१४ सालीं कळून आलें. महायुद्ध पुकारल्यावर थोड्याच तासांत, ५ ऑगस्ट रोजीं पहांटे, अ‍ॅलर्ट नांवाच्या ब्रिटिश जहाजानें जर्मनीच्या समुद्रांतील तारा तोडल्या. जर्मनांस बिनतारेवर व परक्यांच्या तारांवर अवलंबून राहणें भाग पडलें. परंतु बिनतारेचा आवाज शत्रूच्या कानींही पडतो, आणि परक्याची तार परक्याच्या हातांत असते. १९१७ सालीं जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमान याचा मेक्सिकोस धाडलेला गुप्त संदेश ब्रिटिशांनीं मध्येंच पकडून उलगडला, आणि अमेरिका युद्धांत उतरण्याच्या कारणांत त्याची भर पडली. मार्ग बदलतांना नुसता वेग पाहून चालत नाहीं, मार्गावर कोण कान देऊन बसला आहे हेंही पाहावें लागतें, हा धडा जगानें तेव्हां घेतला.

यानंतरचा अध्याय महाराष्ट्राच्या भूमीवर घडला. १९२७ सालीं पुण्याजवळ खडकी येथें प्रेषणकेंद्र आणि दौंड येथें ग्रहणकेंद्र उभारून हिंदुस्थान-इंग्लंड अशी ‘बीम’ पद्धतीची बिनतारी सेवा सुरू झाली. बीम म्हणजे झोत. लहरी चोहोंकडे उधळून न देतां कंदिलाच्या प्रकाशाप्रमाणें एकाच दिशेस रोखावयाच्या, अशी ही युक्ति. त्याच वर्षीं २३ जुलै रोजीं मुंबईचें ध्वनिक्षेपण केंद्रही सुरू झालें. खडकी-दौंडची कळ मात्र मुंबईच्या कचेरींतून दाबली जाई. म्हणजे संदेश प्रथम तारेनें घाट चढे, मग हवेंत उडी घेई, आणि इंग्लंडांत उतरल्यावर पुनः तारेनें लंडनच्या कचेरींत जाई. तार आणि बिनतार यांचा सांधा तो हाच.

ही सेवा स्वस्त होती, जलद होती. समुद्रतळाच्या तारांवर पैसा ओतलेल्या कंपन्यांचा धंदा पाहतां पाहतां ओसरूं लागला. मुंबईहून एडनकडे तार टाकली गेल्यास १८७० पासून अर्धशतकाहून अधिक काळ लोटला होता. इतकी मोठी गुंतवणूक एका झोतापुढें हार खाणार असें दिसूं लागलें. तेव्हां १९२८ सालीं लंडनला साम्राज्यांतील सरकारांची परिषद भरली. बिनतार स्वस्त खरी, परंतु तारेइतकी गुप्त नव्हे. म्हणून तारा मरूं देतां कामा नयेत, असा विचार तेथें प्रबळ ठरला. १९२९ सालीं दोन्ही धंदे एका कंपनींत एकत्र आले आणि १९३४ मध्यें त्या कंपनीस ‘केबल अँड वायरलेस’ हें अन्वर्थक नांव मिळालें. हिंदुस्थानांतही १९३२ सालीं असेंच एकीकरण होऊन ‘इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स’ ही कंपनी झाली. १ जानेवारी १९४७ रोजीं सरकारनें ती ताब्यांत घेतली, आणि १९८६ सालीं तिच्या कामाचा वारसा विदेश संचार निगमकडे आला. त्याच निगमनें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं भारतांतील सामान्य ग्राहकांस इंटरनेट खुलें केलें.

या जुन्या काळांत मार्ग निवडण्याचा अधिकार पाठविणाऱ्याच्या हातीं होता, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. परदेशच्या तारेच्या फॉर्मवर ‘व्हाया’ म्हणून मार्गाचें नांव लिहितां येत असे. ज्याला गुप्तता हवी त्यानें केबलचा मार्ग लिहावा, ज्याला काटकसर हवी त्यानें बीमचा. निवड मनुष्याची; कारकून ती अंमलांत आणी.

आतां संगणकाकडे वळूं. येथें इतिहासानें एक गंमत केली आहे. १९७१ सालीं हवाई बेटांवर नॉर्मन अब्रामसन व त्यांचे सहकारी यांनीं ‘अलोहानेट’ नांवाचें संगणकांचें बिनतारी जाळें चालू केलें. अनेक यंत्रांनीं एकाच लहरींत बोलावें, दोघे एकदम बोलून गोंधळ झाल्यास थोडें थांबून पुनः बोलावें, अशी त्याची रीत. रॉबर्ट मेटकाफ यानें ती रीत अभ्यासून, सुधारून १९७३ मध्यें तारेच्या जाळ्यास लावली आणि त्यास ‘ईथरनेट’ हें नांव दिलें. ईथर म्हणजे प्रकाशलहरी वाहून नेणारें, एके काळीं शास्त्रज्ञांनीं कल्पिलेलें अदृश्य द्रव्य. म्हणजे तारेच्या जाळ्याची रीत बिनतारेपासून घेतलेली, आणि नांवही आकाशांतील! पुढें १९९७ सालीं बिनतारी जाळ्याचा जो मानदंड ठरला, तोच आजच्या वाय-फायचा पाया होय.

लॅपटॉपमधील सांधा कसा चालतो? यंत्रांत तारेचें व बिनतारेचें अशीं दोन द्वारें असतात, आणि प्रत्येक द्वारास स्वतंत्र पत्ता मिळतो. यंत्राजवळ मार्गांची एक यादी असते. तींत प्रत्येक मार्गापुढें एक आंकडा लिहिलेला असतो. ज्याचा आंकडा लहान, तो मार्ग आधीं. तारेचा मार्ग बहुधा अधिक वेगवान व स्थिर, म्हणून साधारणतः त्यास लहान आंकडा दिलेला असतो. केबल खोंचतांच द्वाराला विजेचा संकेत जाणवतो, पत्ता मिळतो, आणि तारेचा मार्ग यादींत पहिला होतो. केबल निघाली कीं ती नोंद पुसली जाते आणि वाय-फाय पुढें येतें. एके काळीं पाठविणारा फॉर्मवर लिही तो ‘व्हाया’ आतां या आंकड्यांत उतरला आहे. हे आंकडे हातानें बदलतांही येतात. म्हणजे निवडीचा अधिकार गेला नाहीं, फक्त विसरला गेला आहे.

या व्यवस्थेंत तीन उणिवा आहेत, आणि तिन्हींचे पूर्वज आपण वर पाहिले. पहिली अशी कीं, केबल जागेवर असते, दिवा लुकलुकत असतो, परंतु पेटीच्या पलीकडची वाट बंद पडलेली असते. यंत्र जवळच्या विजेवर भुलतें आणि मेलेल्या मार्गावर बसून राहतें. म्हणून अलीकडच्या प्रणाली एखाद्या ठराविक ठिकाणीं हांक मारून, प्रतिसाद येतो कीं नाहीं, हें तपासतात. दुसरी अशी कीं, मार्ग बदलला कीं पत्ता बदलतो, आणि जुन्या पत्त्यावर चाललेलें संभाषण तुटतें. एकच संभाषण दोन्ही मार्गांवर चालू ठेवण्याची रीत २०१३ सालीं प्रसिद्ध झाली आहे, परंतु ती सर्वत्र रुळलेली नाहीं. तिसरी उणीव गुप्ततेची. कचेरीच्या तारेस आणि बाहेरच्या खुल्या लहरीस एकच यंत्र एकदम जोडलेलें असलें, तर तें परक्यास चोरवाट होऊं शकतें. यास्तव कित्येक संस्था केबल लागतांच वाय-फाय बंद व्हावें असा नियम करतात. १९२८ च्या परिषदेंतील शंका ती हीच.

आतां पुनः आमच्या प्रदेशाकडे. कोळशाच्या भूमिगत खाणींत लहरी खडकांतून दूर जात नाहींत; तेथें टेलिफोनची तारच कामगाराचा आधार. उघड्या खाणींत फिरणाऱ्या डंपरला मात्र तार लावून भागत नाहीं. तेथें बिनतारच हवी. एकाच धंद्यांत दोहोंची गरज, ती अशी. गडचिरोलीच्या अरण्यांत तर हा प्रश्न सोयीचा नसून दवाखान्याचा, शाळेचा, पुरांत अडकलेल्या गांवाचा आहे. ग्रामपंचायतींपर्यंत कांचतंतूची तार नेण्याची योजना केंद्र सरकारनें २०११ सालीं मंजूर केली. पुढें ‘भारतनेट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या योजनेंत, जेथें तार नेणें दुर्घट तेथें रेडिओ व उपग्रह यांचाही अवलंब करण्यांत आला. तार आणि बिनतार यांचें भांडण मिटविण्याचा शहाणा मार्ग हाच.

परंतु एक सावधगिरीची सूचना देणें अवश्य आहे. मोबाइलचा मनोरा आपल्याशीं लहरींनीं बोलतो, पण त्याच्या पायथ्याशीं पुष्कळदा कांचतंतूची तारच आलेली असते. रस्ता खणतांना ती तुटली, तर घरची तार आणि हातांतील बिनतार, दोन्ही एकदम मुकीं होतात. वीज गेली तरी तेंच. बिनतारेच्या पोटांत तार दडलेली असते, हें खडकी-दौंडच्या काळीं जितकें खरें होतें तितकेंच आज खरें आहे. यंत्रांतील सांधा कितीही चपळ असला, तरी दोन्ही रूळ पुढें जाऊन एकाच पुलावर मिळत असतील, तर पूल कोसळल्यावर त्या सांध्याचा कांहीं उपयोग नाहीं. म्हणून गांवाला, दवाखान्याला, शाळेला दोन मार्ग द्यावयाचे तर ते उगमापर्यंत खरोखर वेगळे असले पाहिजेत.

१४ जुलै २०१३ रोजीं भारतांत शेवटची तार स्वीकारली गेली आणि ती जुनी सेवा संपली. सेवा संपली, पण प्रश्न संपला नाहीं. चिंचगुंडीच्या छावणीस एकच मार्ग होता आणि तो मनुष्याच्या पायांचा ठरला. आपल्या हातीं आज अनेक मार्ग आहेत. ते वेगवेगळे राखणें, आणि आपला संदेश कोणत्या मार्गानें जातो आहे याची जाण ठेवणें, एवढेंच काम यंत्रानें आपल्यासाठीं शिल्लक ठेवलें आहे. तें आपणच केलें पाहिजे.