ग्राही प्रथिने आणि संगणकाचे गणित

दम्याच्या रुग्णाने सालब्युटामॉलचा फवारा ओढला की काही मिनिटांतच त्याच्या श्वासनलिका मोकळ्या होऊ लागतात. रक्तदाबावरील प्रोप्रॅनोलॉल हे औषध मात्र दम्याच्या रुग्णाला दिले जात नाही. त्याने श्वासनलिका आकुंचन पावू शकतात. विशेष म्हणजे ही दोन्ही औषधे श्वासनलिकांच्या स्नायूपेशींवरील एकाच प्रथिनाच्या एकाच खोबणीत बसतात. त्या प्रथिनाचे नाव बीटा-२ अ‍ॅड्रेनर्जिक रिसेप्टर.

पेशीबाहेरचा निरोप आत पोहोचविणाऱ्या प्रथिनांना रिसेप्टर अथवा ग्राही म्हणतात. पेशीपटलातून सात वेळा आरपार जाणाऱ्या, जी-प्रथिनांशी निगडित ग्राहींची सुमारे ८०० जनुके मानवात आहेत. वापरातील औषधांपैकी जवळपास एक तृतीयांश औषधे याच कुटुंबावर कार्य करतात.

ही प्रथिने पेशीपटलाबाहेर अस्थिर होत असल्याने त्यांचे स्फटिक मिळविणे दुष्कर असते. २००० साली गाईच्या डोळ्यातील ऱ्होडॉप्सिनची रचना क्ष-किरणांच्या साह्याने उलगडली. पुढील काही वर्षे तीच साचा मानून इतर ग्राहींची संगणकीय प्रारूपे रचली गेली. २००७ मध्ये बीटा-२ ग्राहीची प्रत्यक्ष रचना हाती आली, तेव्हा या पद्धतीची मर्यादा दिसली. सात सर्पिलांचा सांगाडा जुळत होता. परंतु ऱ्होडॉप्सिनमध्ये खोबणीवर झाकणासारखा बसणारा भाग येथे बाजूला सरून वाट मोकळी ठेवत होता.

२०२० मध्ये ‘अल्फाफोल्ड’ या संगणक प्रणालीने केवळ अमिनो आम्लांच्या क्रमावरून प्रथिनांची रचना विलक्षण अचूकतेने वर्तविली. या कार्यासाठी डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. अशी प्रारूपे तपासताना आजही मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन व सहकाऱ्यांनी १९६३ साली मांडलेला आलेख वापरला जातो. प्रथिनाच्या साखळीला कोणते कोन शक्य आहेत, हे तो दाखवितो.

तथापि रचना म्हणजे वर्तन नव्हे. ग्राही सक्रिय होताना त्याच्या सहाव्या सर्पिलाचे आतील टोक बाहेर झुकते आणि तेथे जी-प्रथिनाला जागा होते. सालब्युटामॉल या हालचालीला चालना देते, प्रोप्रॅनोलॉल ती रोखते. एकच स्थिर चित्र हा भेद सांगू शकत नाही. त्यासाठी अणूंवरील बले मोजून त्यांची हालचाल पावलापावलाने गणली जाते. एक पाऊल साधारण दोन फेम्टोसेकंदांचे. म्हणजे सेकंदाच्या दशलक्षांश भागासाठी ५० कोटी पावले! १९७७ साली एका लहान प्रथिनाचे असे पहिले गणित झाले, ते १० पिकोसेकंदांहूनही कमी काळाचे होते.

औषध ग्राहीत बसेल काय, एवढेच उत्तर म्हणूनच पुरेसे नसते. बसल्यावर ते ग्राहीला जागे करील की निद्रिस्त ठेवील, यावर रुग्णाचा श्वास अवलंबून असतो.