अग्निशमनाची पूर्वतयारी

चेन्नईतील मराठी मंडळींच्या एका स्नेहमेळाव्यात एका स्नेह्यांच्या मुलीने मला विचारले, "काका, मला अग्निशमन सेवेत जायचे आहे. तयारी कशी करू?" परीक्षेची माहिती देणे सोपे होते. तामिळनाडूत जवानांची भरती गणवेशधारी सेवा भरती मंडळ करते, तर जिल्हा अधिकारी राज्य लोकसेवा आयोगाच्या पहिल्या गटाच्या परीक्षेतून निवडले जातात. परंतु मी तिला आधी इतिहास सांगितला.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि सुमारे १४०० टन स्फोटकेही. स्फोटके असल्याची खूण म्हणून लावायचा लाल बावटा मात्र लावलेला नव्हता. जहाज बाहेर न्यावे की जागीच बुडवावे, याचा निर्णय वेळेत झाला नाही. दुपारी चारनंतर स्फोट झाला. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जण कामी आले. १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, तो त्यांच्याच स्मरणार्थ. त्या दिवशी धैर्याची वाण नव्हती. कमी पडले ते प्रशासन.

स्वातंत्र्यानंतर शास्त्रशुद्ध प्रशिक्षणासाठी १९५६ साली रामपूर येथे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय निघाले व पुढच्याच वर्षी ते नागपूरला आले. तेथे पहिली विद्यार्थिनी दाखल झाली ती २००२ साली, नागपूरच्याच हर्षिनी कान्हेकर. पुढच्या वर्षी, २००३ मध्ये, प्रिया रविचंद्रन आणि मीनाक्षी विजयकुमार या दोघी तामिळनाडूच्या अग्निशमन सेवेत अधिकारी झाल्या.

जानेवारी २०१२ मध्ये येथील चेपॉकच्या कलस महालाला आग लागली. अर्काटच्या नवाबांच्या या अठराव्या शतकातील वास्तूत सरकारी कार्यालये थाटलेली होती. छत कोसळून एका जवानाचा मृत्यू झाला, तर प्रिया रविचंद्रन गंभीर भाजल्या. बऱ्या झाल्यावर त्या पुन्हा सेवेत रुजू झाल्या.

हे सारे सांगून मी म्हणालो, "धावणे, दोर चढणे, अभ्यासक्रम हे सर्व करच. पण ज्या इमारतीत जाशील तिचे जिने, वाटा आणि विजेची मुख्य कळ पाहून ठेवण्याची सवयही आजपासून लाव. आग लागल्यावर ते शोधायला सवड नसते."

मुलीने क्षणभर विचार केला. "काका, तुमच्या कार्यालयाला मागचा जिना आहे का?"

होता, परंतु त्यावर जुन्या फायलींची कपाटे रचलेली होती आणि मी रोज त्यांच्याजवळून जात होतो. जवानाच्या तयारीचा निम्मा भाग आपल्यासारख्या टेबलामागे बसणाऱ्यांकडे असतो, हे मला तिच्या प्रश्नाने उमगले. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला आदेश काढला तो ती कपाटे हलविण्याचा.