संकरित ॲप आणि मराठी अक्षर

जालना जिल्ह्यात ‘संकरित’ हा शब्द उच्चारला म्हणजे प्रथम बियाणे आठवते. १९६४ साली बद्रिनारायण बारवाले यांनी जालन्यात ‘महिको’ ही बियाणे कंपनी स्थापन केली, आणि पुढे हा शब्द येथील शेतकऱ्याच्या नित्य बोलण्यातला झाला. संगणकशास्त्राने तोच शब्द अलीकडे एका निराळ्याच वाणास लावला. वेबपृष्ठे ज्या साधनांनी रचतात त्याच साधनांनी घडविलेल्या, परंतु मोबाइलवर किंवा संगणकावर स्वतंत्रपणे चालणाऱ्या ॲपला ‘हायब्रिड’, म्हणजे संकरित, असे नाव पडले. मराठी अक्षराशी या वाणाचा जो संबंध आला तो मात्र सहसा ध्यानात घेतला जात नाही.

२००७ साली आयफोन निघाला तेव्हा बाहेरील रचनाकारांनी त्यासाठी वेबपृष्ठेच लिहावीत, असे ॲपल कंपनीचे धोरण होते. ते वर्षभरही टिकले नाही. जुलै २००८ मध्ये ॲप स्टोअर उघडले आणि ऑब्जेक्टिव्ह-सी या भाषेत लिहिणे भाग पडले; त्याच वर्षी आलेल्या अँड्रॉइडची भाषा जावा होती. एकच काम दोन भाषांत दोनदा करावयाचे, हे मोठ्या कंपनीस परवडणारे असले तरी जिल्ह्याच्या ठिकाणी बसून काम करणाऱ्यास परवडणारे नव्हते. यावर कॅनडातील व्हँकुव्हरच्या नितोबी या संस्थेने २००८ मध्येच ‘फोनगॅप’ हा तोडगा काढला. फोनच्या स्वतःच्या भाषेत एक पातळ कवच लिहावयाचे, त्यात पत्त्याची पट्टी नसलेला ब्राउझर बसवावयाचा, आणि सर्व पृष्ठे एचटीएमएल, सीएसएस व जावास्क्रिप्टमध्ये ठेवावयाची. कॅमेरा वा स्थाननिर्देश यांच्यापर्यंत पृष्ठाचा निरोप पोहोचविण्याचे काम कवच करते. २०११ मध्ये अडोबीने नितोबी विकत घेतली. मूळ आज्ञावली अपाची प्रतिष्ठानाकडे जाऊन ‘कॉर्डोव्हा’ झाली. (नितोबीचे कार्यालय ज्या रस्त्यावर होते त्याचे हे नाव होय.) संगणकासाठी हाच विचार २०१३ पासून गिटहबच्या ‘इलेक्ट्रॉन’मध्ये आला. त्यात प्रत्येक ॲपबरोबर क्रोमियम हा संपूर्ण ब्राउझरच येतो; म्हणून ही ॲपे जड असतात, ही तक्रार रास्त आहे.

एकदा लिहिलेले सर्वत्र चालेल हे आश्वासन रोमन लिपीपुरते लवकर खरे ठरले. मराठीची गोष्ट निराळी. पुण्याच्या सी-डॅकमधील जिस्ट तंत्र आणि १९९१ चे इस्की मानक उपलब्ध असतानाही छपाईच्या व्यवहारात प्रत्येक फाँटचे संकेत वेगळे राहिले, आणि एका यंत्रावरील मजकूर दुसऱ्यावर निरर्थक चिन्हे होऊन उमटे. युनिकोडने संकेत एक केले. परंतु जोडाक्षर जुळविणे हे संकेताचे काम नसून ब्राउझरमधील यंत्रणेचे आहे. अँड्रॉइडच्या प्रारंभीच्या आवृत्त्यांत ती शक्तीच नव्हती. संकरित ॲप फोनमधील ब्राउझरवर विसंबून असल्याने संगणकावर शुद्ध दिसणारे पृष्ठ फोनवर मोडके दिसे. २०१३ च्या ४.४ आवृत्तीत तो अंतर्गत ब्राउझर क्रोमियमवर आधारला गेला आणि २०१४ च्या ५.० पासून फोन न बदलता तो अद्ययावत होऊ लागला. मराठी ॲपच्या इतिहासात फोनगॅपच्या जन्माहून या दोन घटनांचे मोल अधिक मानावे लागते.

तरीही एक अडचण उरली. ‘बोऱ्हाडे’ हे आडनाव घ्यावे. त्यातील अर्धा ‘र’ दोन प्रकारे टंकित होतो: ‘ऱ’ या स्वतंत्र संकेताने, किंवा साध्या ‘र’नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यास दोन्ही सारखेच. यंत्रास ती दोन भिन्न नावे. ‘ॲप’ या शब्दाचेही तसेच: त्याच्या आद्याक्षराला स्वतंत्र संकेत मिळाला तो २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत, तोपर्यंत ‘अ’, अदृश्य जोडचिन्ह आणि अर्धचंद्र अशी जुळणी करीत. जावास्क्रिप्टमध्ये २०१५ पासून असलेली प्रमाणीकरणाची सोय या जोडचिन्हास हात लावीत नाही.

सातबाऱ्याचा डिजिटल स्वाक्षरी असलेला उतारा १ मे २०१८ पासून ब्राउझरमधून मिळू लागला. शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर पिकाची नोंद करण्याची ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यभर सुरू झाली. या व्यवस्थांची अंतर्गत रचना कशीही असो, भोकरदन वा घनसावंगीच्या शेतकऱ्याचे नाव आता फोन, सेवा केंद्रातील संगणक आणि कार्यालयातील पडदा अशा तिन्ही ठिकाणी उमटते. फोनवर नाव एका रीतीने नोंदले गेले आणि केंद्रात दुसऱ्या रीतीने शोधले, तर नोंद असूनही सापडणार नाही. दोन रूपांचे एक रूप करण्याचा नियम रचनाकारास स्वतःच लिहावा लागतो. प्रत्येक यंत्रासाठी निराळ्या भाषेत ॲप लिहिल्यास तो नियमही तितक्या वेळा लिहावा लागेल, आणि एका ठिकाणी तो राहून गेला तरी चूक सहज दिसणार नाही. संकरित रचनेत तो जावास्क्रिप्टच्या चार-दोन ओळींत एकदाच येतो, आणि फोनवर, ब्राउझरमध्ये व संगणकावर त्याच ओळी चालतात.