लाखेचा लेप आणि आपले स्वयंपाकघर

पोळपाट-लाटण्यास कशाचा लेप द्यावा, हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु त्यामागील इतिहास फार जुना आहे. अथर्ववेदाच्या पाचव्या कांडातील एक सूक्त लाक्षेला उद्देशून असून तेथे ती जखम भरणारी औषधी आहे. महाभारतातील लाक्षागृहात तीच ज्वालाग्राही ठरली. पळस, कुसुम, बोर या वृक्षांवरील सूक्ष्म कीटकाचा हा स्राव होय. कातारी फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतो. घर्षणाने ती वितळून लाकडास चिकटते. सावंतवाडीचे लाखकाम वाचकांच्या परिचयाचे आहेच.

शुद्ध लाख पोटात गेली तरी अपाय करीत नाही. औषधी गोळ्यांवर व मिठाईवरही तिचा लेप देतात. आरोप ठेवावयाचा तो तिच्या सोबत्यावर, म्हणजे रंगावर. पूर्वी पिवळ्यासाठी हरताळ व तांबड्यासाठी हिंगूळ वापरीत. पहिल्यात सोमलाचे मूलद्रव्य, दुसऱ्यात पारा! शेंदरात शिसे असते, ते वेगळेच.

घरगुती रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा घालणारे नियम २०१६ साली झाले व १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आले. पण कायद्याची नजर विक्रीच्या डब्यापर्यंत पोहोचते. पोळपाटाची तपासणी गृहिणीनेच करावयाची. शिवाय लाख उष्णतेने मऊ पडते व सोड्याने सुटते. म्हणून जेथे पीठ लागते तेथे लाकूड कोरेच ठेवावे, अथवा खाण्याचे जवसाचे तेल पातळ चोळून पुरते वाळू द्यावे. तेलाची चिंधी मात्र पसरून वाळवावी. चुरगाळून ठेवल्यास ती आपोआप पेटू शकते.