कुंभाराचं गाढव आणि हलणारा दात : ताण, हिरड्या आणि हाडाची झीज यांचा एक इतिहास

विषय दातांचा आणि बोलणारा तत्त्वज्ञानाचा, तेव्हा आधीच सांगून टाकतो. कोणती पेस्ट वापरावी, कवळी चांगली की इम्प्लांट, हे मला विचारू नका. मला रस आहे तो एका वाक्यात. 'टेन्शननं दात गेले हो' असं आपल्याकडे माणसं सहज बोलतात. यातल्या 'नं'चा अर्थ काय? मराठीची तृतीया मोठी सोयीची आहे. चाकूनं कापलं, तापानं फणफणला, रागानं बोलला, सगळं तिच्यात बसतं. त्यामुळे कारण कुठलं, साधन कुठलं आणि नुसती सोबत कुठली, हे आपल्याला वेगळं काढावंच लागत नाही. वैद्यकाला मात्र ते काढावं लागलं आणि त्यात शंभर वर्षं गेली. आज त्याचीच गोष्ट आहे.

रोग काय आहे तेवढं आधी बघू. दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर जंतूंचा चिकट थर बसतो. हिरडी त्याला उत्तर देते, म्हणजे लाल होते, सुजते, घासताना रक्त येतं. इथवर गोष्ट परतीची असते, थर काढला की हिरडी पूर्ववत होते. पण काही लोकांत ही सूज खाली उतरते आणि दात ज्या खोबणीत उभा आहे त्या खोबणीचं हाड झिजायला लागतं. जुन्या लोकांच्या तोंडी याला 'पायरिया' म्हणतात. दुखत फारसं नाही, म्हणून दात हलेपर्यंत कळत नाही.

आता एक गंमत. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मुखरोगांचा अध्याय आहे. त्यात दातांच्या मुळाशी होणारे पंधरा रोग दिले आहेत आणि त्यातल्या एकाचं नाव आहे 'वैदर्भ'! हिरड्या घासल्या गेल्यानं, म्हणजे आघातानं, मोठी सूज येते आणि दात हलू लागतात, असं त्याचं वर्णन आहे. नाव ऐकून विदर्भाचा अभिमान किंवा अपमान, दोन्ही करून घेऊ नका. नावावरून इतिहास काढायची सवय वाईट. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की सुश्रुतानं इथं कारण बाहेरचं सांगितलं, घासणं, मार. उलट चरकाच्या सूत्रस्थानात पंचविसाव्या अध्यायात 'अमुकांत श्रेष्ठ अमुक' अशी एक लांबलचक यादी येते. रोग वाढवणाऱ्या गोष्टींत तिथं अग्रमान दिला आहे विषादाला. रोग निर्माण करणाऱ्यांत नव्हे, वाढवणाऱ्यांत. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणखी एक हत्यार जवळ ठेवू, ते न्यायशास्त्राचं. घड्याचं कारण काय? माती, कुंभार, त्याचा दांडा, चाक. पण ती माती गाढवाच्या पाठीवरून आली असेल तर गाढवही कारण का? नैयायिक म्हणतात, नाही. गाढव तिथं होतं एवढंच. गाढवाशिवायही घडे होतात. याला त्यांनी 'अन्यथासिद्ध' म्हटलं. आपला प्रश्न मग असा होतो : हाडाच्या झिजेत ताण हा कुंभाराचा दांडा आहे, की कुंभाराचं गाढव?

पहिली साक्ष आपल्याच माणसांची. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत-अल-अमारा इथं ब्रिटिश-हिंदी फौज कोंडली गेली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. ही होती सहावी, म्हणजे पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. पाच महिने तोफा, पूर, उपासमार आणि सुटकेची रोज मावळत जाणारी आशा. यापेक्षा मोठा ताण कल्पनेत आणणं कठीण. या वेढ्यात हिंदी शिपायांना स्कर्व्ही झाली. तिच्यात हिरड्या सुजतात, रक्ताळतात, दात ढिले होतात. आता कुणी म्हणेल, बघा, ताणानं हिरड्या गेल्या! पण त्याच वेढ्यात, त्याच तोफांखाली असलेल्या गोऱ्या शिपायांना झाला तो बेरीबेरी. ते घोड्याचं ताजं मांस खात होते आणि पांढऱ्या पिठाचा पाव खात होते. आपल्या शिपायांनी धर्मापायी घोड्याचं मांस बहुतांशी नाकारलं. ते आट्यावर होते आणि ताजी भाजी कुठंच नव्हती. आट्यानं त्यांना बेरीबेरीपासून वाचवलं, पण ताज्या अन्नाच्या अभावानं हिरड्या गेल्या. क जीवनसत्त्व हाती लागायला त्यानंतर पंधराएक वर्षं जायची होती. ताण दोघांनाही होता, रोग वेगवेगळे झाले. म्हणजे कुतच्या हिरड्यांच्या बाबतीत ताण हा गाढवच ठरतो. मी ही साक्ष मुद्दाम आधी घेतली, कारण ताणाचं नाव घेतलं की आपण पुढचं काही तपासतच नाही.

पण त्याच युद्धात फ्रान्सच्या आघाडीवर दुसरंच चाललं होतं. खंदकांतल्या सैनिकांच्या हिरड्यांची टोकं काही दिवसांत सडून जात, तोंडाला भयंकर घाण येई, वेदना होत. त्याला नावच पडलं 'ट्रेंच माउथ', खंदकाचं तोंड. त्यातले जंतू जर्मनीत प्लाउट आणि फ्रान्समध्ये व्हिन्सेंट यांनी १८९० च्या दशकातच पाहिले होते. सैन्यातल्या डॉक्टरांना वाटलं, हा संसर्ग आहे, भांडीकुंडी वेगळी ठेवा. पुढे लक्षात आलं की हा रोग एकाकडून दुसऱ्याला तसा लागत नाही. हे जंतू थोड्याफार प्रमाणात निरोगी तोंडातही असतात. ते माजतात कधी? झोप नाही, दात घासणं नाही, सिगारेटी भरपूर, खाणं निकृष्ट आणि डोक्यावर मृत्यू, अशा वेळी. आज हिरड्यांच्या रोगांचं जे जागतिक वर्गीकरण वापरात आहे, जे २०१८ साली प्रसिद्ध झालं, त्यात या रोगाला पोषक गोष्टींमध्ये मानसिक ताण आणि अपुरी झोप यांची नोंद आहे. इथं ताण दांड्याच्या बाजूला सरकतो, पण एकटा नाही.

यानंतर मधला काळ फार विचित्र आहे. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये मॅकगिल विद्यापीठात १९१० साली विल्यम हंटर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरनं व्याख्यान दिलं. दातांतला सडका संसर्ग शरीरभर रोग पसरवतो, असा त्याचा घणाघात होता. दंतवैद्य सडक्या मुळांवर सोन्याच्या टोप्या चढवतात, याची त्यानं यथेच्छ टिंगल केली. त्यातून एक लाट उठली आणि सांधेदुखीपासून थकव्यापर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी दात उपटले जाऊ लागले. तिचं टोक गाठलं अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात, ट्रेंटनच्या मनोरुग्णालयाचा प्रमुख हेन्री कॉटन यानं. वेड हे दातांतल्या जंतूंमुळे लागतं, असं त्याचं मत. त्यानं रुग्णांचे हजारो दात काढवले. दात काढून वेड जाईना, तेव्हा टॉन्सिल, मग आतडी. शस्त्रक्रियांत अनेक जण दगावले. स्वतःच्या मुलांचे दातही त्यानं काढवले, म्हणजे माणूस ढोंगी नव्हता. ढोंगी असता तर बरं झालं असतं.

बाण कुठल्या दिशेनं चालला होता ते बघा. दातांकडून मनाकडे. आणि गंमत अशी की उलटा बाण त्याच मॅकगिल विद्यापीठातून सुटला. १९३६ साली हान्स सेल्ये यानं 'नेचर'मध्ये एक छोटं टिपण छापलं. उंदरांना थंडी द्या, जखम करा, विष द्या, कारण कोणतंही असो, शरीराचं उत्तर ठरावीकच. अधिवृक्क ग्रंथी सुजतात, थायमस आकसते, जठरात व्रण पडतात. पुढे 'स्ट्रेस' हा शब्द त्याच्या नावाला चिकटला. मूळ शब्द पदार्थविज्ञानातला, आणि आपला 'ताण'ही दोरीचा आणि तारेचा. मनाचा शब्द दोन्ही भाषांनी वस्तूंकडून उसना घेतला.

तरी हिरड्यांच्या शास्त्रात ताणाला जागा मिळायला वेळ लागला, कारण मध्ये जंतूंचा मोठा विजय झाला. १९६५ साली डेन्मार्कच्या आर्हुसमध्ये हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं बंद करायला सांगितलं. तीन आठवड्यांच्या आत प्रत्येकाची हिरडी सुजली. घासणं सुरू केलं, सूज गेली. अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही पूर्ण. प्रश्न मिटला असंच वाटलं असणार.

तो पुन्हा उघडला त्याच लो यानं. श्रीलंकेतल्या चहामळ्यांवर ४८० तमिळ मजूर, दात घासायची सवय नाही, दवाखाना नाही, सगळ्यांच्या दातांवर थर आणि कीटण भरपूर. १९७० पासून १५ वर्षं त्यांची तपासणी झाली. जंतू हेच पुरेसं कारण असतं तर सगळ्यांचं हाड सारखं जायला हवं होतं. निघालं काय? साधारण ८ टक्के लोकांत रोग झपाट्यानं वाढला, ८१ टक्के लोकांत मध्यम गतीनं, आणि ११ टक्के लोकांत सुजेपुढे गेलाच नाही. पस्तिशीपर्यंत पहिल्या गटात दाताचा आधार सरासरी ९ मिलिमीटर सुटला होता, मधल्या गटात ४, आणि शेवटच्या गटात १ मिलिमीटरपेक्षाही कमी. या अभ्यासात ताण मोजलेला नव्हता, तेव्हा तो ताणाचा पुरावा नव्हे. पण जंतू सुरुवात करतात आणि झीज किती होणार ते शरीर ठरवतं, हे यातून दिसलं. निर्माण करणारा वेगळा, वाढवणारा वेगळा. चरकाची ती यादी आठवा.

मग ताण मोजला कुणी? अमेरिकेत बफेलो शहराच्या परिसरात, ईरी काउंटीत, रॉबर्ट जेन्को यांच्या गटानं. १९९९ चा अभ्यास, २५ ते ७४ वयाची १४२६ माणसं. रोजच्या जगण्यातले नाना प्रकारचे ताण विचारले. नोकरी, नवरा-बायको, मुलंबाळं, एकटेपणा. यातला फक्त एक ताण हाडाच्या झिजेशी ठळकपणे जोडलेला निघाला, तो म्हणजे पैशाची ओढाताण. वय, लिंग, धूम्रपान यांचा हिशेब वजा केल्यावरही. त्यातही, जे कुढत राहत त्यांच्यात झीज जास्त, आणि जे प्रश्न सोडवायला हातपाय हलवत त्यांच्यात ओढाताण असूनही ती वाढलेली नव्हती.

या शेवटच्या निष्कर्षाबद्दल मला थोडं कुरकुरायचं आहे. 'कुढू नका, मार्ग काढा' हा उपदेश द्यायला फार सोपा. पण मार्ग काढायला मार्ग असावा लागतो. यवतमाळचा कोरडवाहू कापूसवाला बँकेत, सावकाराकडे दातांच्या कण्या करून आला आणि हात हलवत परतला, तर त्याची 'सामना करण्याची पद्धत' चुकली असं म्हणायचं का? शिवाय हा अभ्यास एका वेळेचा फोटो आहे. त्यात बाणाची दिशा दिसत नाही.

दिशा दिसायला हवी तर तोच माणूस ताणात आणि ताणाविना पाहावा लागतो. १९९८ साली अमेरिकेत ओहायोत दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांनी स्वतःच्या टाळूला एक बारीक जखम करून घेतली. एकदा उन्हाळी सुट्टीत, एकदा परीक्षेच्या तीन दिवस आधी. परीक्षेतली जखम भरायला सरासरी तीन दिवस जास्त लागले. अकरापैकी एकाचीही परीक्षेतली जखम सुट्टीतल्याइतक्या लवकर भरली नाही. टाळू म्हणजे हिरडीचं हाड नव्हे, हे खरं. पण तोंडाची दुरुस्ती करणारी यंत्रणा मनाच्या अवस्थेवर मंदावते, हे इथं उघड दिसतं.

यंत्रणा अशी आहे. ताण आला की मेंदूच्या तळातून संदेश निघून अधिवृक्क ग्रंथीतून कॉर्टिसोल सुटतं. थोडा वेळ ते उपयोगी असतं, सूज आवरतं. महिनोन्महिने वाढलेलं राहिलं की संरक्षक पेशी त्याला दाद देईनाशा होतात. एकीकडे जंतूंना आवरणं कमी पडतं, दुसरीकडे सूज थांबायची तिथं थांबत नाही. सुजेचे रेणू हाड खाणाऱ्या पेशींना जागं करतात. निरोगी हाडातही या पेशी असतात, पण हाड भरणाऱ्या पेशी त्यांच्याशी तोल राखतात. तो तोल बिघडतो.

हा झाला आतला रस्ता. बाहेरचा रस्ता आपल्या नागपुरात कोणत्याही पानठेल्यावर दिसतो. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, खर्रा हातानंच घोटला जातो, तो राहिला. रात्रपाळीचा ड्रायव्हर, बांधकामावरचा मजूर, वसुलीवाल्याचे फोन येणारा पोरगा खर्रा कशासाठी खातो? डोकं शांत राहावं म्हणून. पुडी ज्या गालात ठेवतो तिथली हिरडी उतरते. मग दवाखान्यात सांगतात, टेन्शन वगैरे काही नाही, तुमचा खर्रा नडला.

इथं मला नैयायिक पुन्हा हवे आहेत. दांडा थेट घडा घडवत नाही. तो चाक फिरवतो आणि चाकाच्या फिरण्यातून घडा होतो. या फिरण्याला ते 'व्यापार' म्हणतात, आणि व्यापार सापडला म्हणून मूळ कारण बाद होत नाही, असं बजावून ठेवतात. ताणानं खर्रा वाढला, ब्रश सुटला, झोप गेली आणि त्यातून हाड गेलं, तर खर्रा हा ताणाचा व्यापार झाला. ताण गाढव ठरत नाही. आजचे संख्याशास्त्रज्ञ हीच तक्रार करतात, की मधला दुवा 'वजा' केला तर कारणाचा अर्धा हिस्साच आपण पुसून टाकतो.

बेसा काय किंवा मनीषनगर काय, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी इथं शेतं होती. आता लेआउट पडले, इमारती झाल्या आणि घरटी वीस वर्षांचा हप्ता आला. शेत विकलेल्याचा ताण वेगळा, फ्लॅट घेतलेल्याचा वेगळा, हिरडी दोघांची सारखीच. आणि हिरड्यांचा उपचार बहुतेकांना खिशातूनच करावा लागतो. म्हणजे पैशाच्या ओढाताणीनं झिजलेलं हाड वाचवायला पुन्हा पैसाच लागतो.

समोरून चिठ्ठी आली आहे : ताण कमी झाला तर गेलेलं हाड परत येतं का? नाही, आपणहून येत नाही. दातांचं कीटण मुळापर्यंत साफ करून घेतलं आणि पुढे स्वच्छता राहिली तर झीज बहुधा थांबते. काही विशिष्ट आकाराच्या खड्ड्यांत शस्त्रक्रियेनं थोडं हाड भरून काढता येतं, सगळीकडे नाही. मधुमेह असेल तर साखरही बघून घ्या, कारण साखर आणि हिरडी एकमेकांना दोन्ही बाजूंनी बिघडवतात. आणि तपासायला जाल तेव्हा डॉक्टरांना औषधांची यादी सांगता तशी हेही सांगा, की गेल्या दोन वर्षांत झोप किती होती आणि डोक्यावर काय होतं. त्यांनी विचारलं नाही तरी.