चिमूटभर कचरा आणि तीन हजार अंश

आजची गोष्ट सुरू होते एका रॉकेटपासून आणि संपते पावडरीच्या एका कणावर.

२८ सप्टेंबर २०००. कॅलिफोर्नियातल्या व्हँडेनबर्ग तळावरून एक मिनिटमन क्षेपणास्त्र सुटलं. टोकाशी बॉम्ब नव्हता, नासाचा प्रयोग होता: शार्प-बी२. त्यात चार पातळ, धारदार पात्या होत्या. अवकाशातून परत येताना हवेच्या घर्षणात त्या टिकतात का, हे बघायचं होतं. मटेरियल होतं झिर्कोनियम आणि हाफ्नियमची डायबोराइडं, सोबत सिलिकॉन कार्बाइड. ही डायबोराइडं ३,२०० अंश सेल्सिअसच्याही वर वितळतात, म्हणजे लोखंडाच्या दुपटीहून जास्त. पात्या परत मिळाल्या, पण तडकलेल्या. तपासात बोट गेलं ते मटेरियल बनवण्याच्या पद्धतीकडे. थोडक्यात, आयडिया बरोबर होती, बिल्ड खराब होता.

आता विचार करा, ३,२०० अंशांना वितळणारी वस्तू घडवायची कशी? साच्यात ओतायची तर साचाच वितळेल. म्हणून पावडर घ्यायची, दाबून आकार द्यायचा आणि वितळू न देता भट्टीत भाजायची. कण जिथे टेकतात तिथे जुळतात, मधल्या फटी हळूहळू मिटतात. याला म्हणतात सिंटरिंग. एखादी फट राहिली, की तडा तिथूनच सुरू होतो.

या खेळात चिमूटभर भेसळ काय करू शकते, हे आधीच माहीत होतं. १९५० च्या दशकाच्या शेवटी जनरल इलेक्ट्रिकमध्ये रॉबर्ट कोबल यांनी ॲल्युमिनात अगदी थोडा मॅग्नेशिया घातला. फटी इतक्या मिटल्या, की अपारदर्शक सिरॅमिकमधून उजेड आरपार जायला लागला. रस्त्यावरच्या पिवळ्या सोडियम दिव्यांच्या नळ्या त्यातूनच आल्या. पुढे १९७० च्या दशकात त्याच कंपनीत स्वांते प्रोचाझ्का यांनी सिलिकॉन कार्बाइडसारख्या हट्टी पावडरीला थोडा बोरॉन आणि थोडा कार्बन देऊन वठणीवर आणलं. त्यात कार्बनचं काम सफाईचं होतं: कणांवरचा ऑक्साइडचा थर काढून टाकायचा.

डायबोराइडचं दुखणंही नेमकं तेच. पावडर कितीही चांगली आणा, हवेशी संबंध आला की प्रत्येक कणावर ऑक्साइडची पातळ साय धरते. त्यात बोरॉन ऑक्साइड असतं आणि झिर्कोनिया असतो. भट्टी तापली, की या सायीमुळे लहान कणांवरचं मटेरियल मोठ्या कणांवर जाऊन बसतं. कण फुगतात, पण एकमेकांच्या जवळ येत नाहीत. फटी तशाच राहतात. उष्णता खर्च झाली, काम शून्य!

जुना उपाय म्हणजे जबरदस्ती: भट्टीतच वरून दाब द्यायचा. १९६० च्या दशकात अमेरिकी हवाई दलासाठी मॅनलॅब्जमध्ये याच कुटुंबातल्या मटेरियलवर मोठं काम झालं, सिलिकॉन कार्बाइड मिसळायची युक्तीही तिथलीच. पण दाबून निघतात त्या साध्या वड्या. त्यातून धारदार आकार काढायचा, तर हिऱ्याच्या हत्याराने घासत बसा.

२००६ च्या सुमारास मिसूरीतल्या रोला गावच्या विद्यापीठात फारेनहोल्ट्झ, हिलमास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जोर वाढवण्याऐवजी सायीवरच हल्ला केला. बोरॉन ऑक्साइड निर्वात भट्टीत उडून जातं, चिवट असतो तो झिर्कोनिया. त्यांनी बोरॉन कार्बाइड घातलं. ते झिर्कोनियाशी भिडतं, त्यातला ऑक्सिजन वायू होऊन निघून जातो आणि मागे राहतं पुन्हा झिर्कोनियम डायबोराइडच. दाब न देता १,८५० अंशांच्या आसपास पावडर घट्ट होऊ लागली.

आणि खरी गंमत याच टीमच्या दुसऱ्या प्रयोगात आहे. पावडर बारीक करायला त्यांनी टंगस्टन कार्बाइडचे गोळे वापरले. दळताना गोळे झिजले, चुरा पावडरीत मिसळला. जात्याचा दगड झिजून पिठात कचकच यावी, तसंच. पण या कचकचीने ऑक्साइडची साय खाल्ली! २,१५० अंशांवर नऊ तास भाजल्यावर घनता पोचली सुमारे ९८ टक्क्यांवर, तीही दाबाशिवाय.

म्हणजे बघा, एक कचरा नको असताना आला आणि त्याने दुसऱ्या कचऱ्याचा काटा काढला. मी रोज कोड लिहितो. प्रोग्राम अडला की आमचा पहिला उपाय ठरलेला: मोठा सर्व्हर लावा. चाळीस वर्षं भट्टीवाल्यांनीही बरंचसं तेच केलं, अजून ताप, अजून दाब. उत्तर होतं कणाच्या सालीत. ‘हे शुद्ध आहे का’ एवढं विचारून भागत नाही. जे मिसळलंय ते कुठे बसलंय आणि किती अंशांवर काय करतंय, हे विचारावं लागतं.

आजच्यापुरतं इतकंच. पुढच्या वेळी रस्त्यावर पिवळा दिवा दिसला, तर कोबलसाहेबांच्या त्या चिमटीची आठवण काढा. भेटू पुढच्या भागात!